चढण चढायच्या आधी गोळी का? 'जाणकार वाचक' यांना उत्तर

नमस्कार.

अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेच्या) गोळ्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण 'जाणकार वाचक' या नावाने लिहिलंय: "दुखत नसताना जिभेखाली गोळी ठेवायला सांगणं ही निव्वळ दुकानदारी अक्कल. सवय लागली की खऱ्या वेळी गोळी लागू पडणार नाही."

मतभेद समजू शकतो. पण 'दुकानदारी अक्कल'? गुहागरात औषधांच्या गल्ल्यामागे माझं उभं आयुष्य गेलं. चिठ्ठी पाहिल्याशिवाय सॉर्बिट्रेटची (अंजायनावरच्या नायट्रेट गटातल्या गोळीची) पट्टी कुणाला दिली नाही, त्यापायी नात्यातली माणसंही रुसली. स्वतःचं नाव लिहायला जे कचरतात, त्यांनी दुसऱ्याची अक्कल काढावी हे जरा गमतीचंच आहे.

आता मुद्दा. आमच्या अण्णांना अंजायना होता. घरून देवळाकडे जायला जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढण, आणि निम्म्यावर आलं की छाती भरून यायची, ठरलेलं. आधी गोळी घ्या हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी नव्हे. अण्णा पायथ्याच्या गडग्यावर बसायचे, छत्री टेकवून ठेवायचे, पाच मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली सरकवायचे आणि घड्याळ बघत राहायचे. सॉर्बिट्रेटला साधारण १५ मिनिटं द्यावी लागतात. त्याच गटातल्या नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे किंवा गोळी असेल तर ५ ते १० मिनिटं पुरतात. मग सावकाश चढायचे. "डोकं ठणकतंय रे," म्हणायचे, पण छातीचं नाव नाही. बसायचं का, तर या औषधाने शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि त्याचा भार हलका होतो. पण त्याच वेळी रक्तदाबही उतरतो. उभ्याने घेतली तर माणूस भोवळ येऊन पाखाडीवरच कोसळायचा.

राहिली 'सवय'. हा शब्द आपण कुठून तरी उचललात, पुढचं वाचलं नाहीत. नायट्रेटचा असर बोथट होतो तो औषध दिवसरात्र अंगात राहिलं तर. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं जुनं उदाहरण आहे: सोमवारी नायट्रोग्लिसरीनने डोकं फुटायचं, आठवडाभरात अंगवळणी पडायचं, आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी पुन्हा ठणका सुरू. म्हणजे सवय लागते तशी थोड्या खंडाने सुटतेही. म्हणूनच याच गटातल्या साध्या मोनोनायट्रेट गोळ्यांचे डोस सकाळी आणि दुपारी देतात, रात्री नाही. छातीवर चिकटवायचा नायट्रोग्लिसरीनचा पॅचही बहुधा रात्री काढायला सांगतात. दिवसाचे १०-१२ तास अंग नायट्रेटपासून मोकळं राहिलं पाहिजे. पाखाडीपुरती अधूनमधून एक गोळी घेणाऱ्याचं अंग मोकळंच असतं. आपण जिथे राहता तिथे लिफ्ट असेल, म्हणून चढाचा प्रश्न आपल्याला पडत नसावा.

एक मान्य. सिल्डेनाफिलची, म्हणजे पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळीची, सूचना मी लेखात फार खाली टाकली, ती वर हवी होती. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि त्याच कामाची टॅडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट घ्यायचं नाही. रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो. गिऱ्हाईक त्या गोळीबद्दल गल्ल्यावर चारचौघांत बोलत नाही, त्यामुळे मी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायचो. शिमग्यात दारूबद्दलही विचारायचो. ही पण दुकानदारीच, नाही का?

"कोकणात लोक गोळीवर निभावून नेतील आणि हॉस्पिटलला उशीर होईल," असंही आपलं म्हणणं. लेख शेवटपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं: गोळी घेऊन पाच मिनिटांत कळ गेली नाही, वाढली, किंवा बसल्या जागी आली, तर १०८ ला फोन करा. रस्ते लांबचे आहेत, गाडीला वेळ लागतो, हे मला गुहागरात राहून कुणी शिकवायला नको.

बाटली काचेची की प्लॅस्टिकची, यावर आपण मारलेल्या टोमण्याला उत्तर देत नाही. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या उडून कमजोर होतात, मूळ काचेच्या बाटलीतच ठेवाव्यात, एवढं तिथे लिहिलेलं आहे.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच उत्तर देईन.