दुधीचं बी धरताना एवढं पाहाच

परसबागेतलं बी घरीच धरा, असा आग्रह धरणारा एक लेख वाचला आणि तो मनापासून पटला. पण त्यातल्यासारखं 'चांगलं फळ वेलावर वाळू द्या आणि बी काढून ठेवा' एवढंच सांगून भागत नाही. वाल, घेवडा, चवळीचं खरंच तितकं सोपं आहे. त्यांच्यात बहुतेक स्वपरागण होतं, म्हणजे फुलातले पराग त्याच फुलावर पडतात. दुधी, दोडका, भोपळ्याची नर-मादी फुलं वेगळी, पराग कीटक नेतात. शेजारी लांब दुधी आणि तुमच्याकडे गोल असेल तर पुढच्या वर्षी भलतंच फळ लागू शकतं.

ही सरमिसळ टाळायची तर परागण हातानेच करायचं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. त्याआधीच एक नर कळी आणि एक मादी कळी (हिच्या मागे इवलासा दुधी असतो) दोऱ्याने हलकेच बांधायची. उमलायच्या वेळी सोडून नर फूल मादीवर टेकवायचं, मादी फूल पुन्हा बांधायचं, देठाला खुणेची चिंधी लावायची.

आणि कृपा करून कडू निघालेल्या वेलाचं बी धरू नका. कडू दुधी विषारी असतो. बियांसाठी फळ राखण्याआधी त्याच वेलाच्या कोवळ्या दुधीचा तुकडा चाखून थुंकून टाकावा.

पाकिटावर 'संकरित' (दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून केलेलं बी) असेल तर पुढची पिढी तशीच निघत नाही, म्हणून सुरुवात गावरान बियांपासूनच हवी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री मिळाली ती हेच गावरान वाण जपल्याबद्दल.

बी राखेत घोळून ठेवताना बरणीवर वर्षही लिहा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच उगवेनासं होतं.