गुळवेलीचा काढा आणि डॉक्टरांनी कमी केलेला डोस

भाऊ, नमस्कार. किडनी बदललेल्या माणसाने इम्युनिटी वाढवायच्या मागे लागू नये, असं मी लिहिलं. आणि त्याच लेखात, बीके व्हायरस वाढला की डॉक्टर प्रतिकारशक्तीला थोडी मोकळीक देतात, असंही लिहिलं. 'यातलं खरं काय ते एकदा ठरवा' असं तुम्ही विचारलंय. किडनी बदललेले तुमचे मेहुणे रोज गुळवेलीचा काढा घेतात आणि ठणठणीत आहेत, मी उगाच लोकांना घाबरवते, हीही तुमची तक्रार.

दोन्ही खरं आहे. व्हायरसवर तुटून पडणाऱ्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) आणि नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर चालून जाणाऱ्या टी पेशी एकाच जातकुळीच्या. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दोघींनाही थोपवतं. बीके बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात गपगुमान पडून असतो. पहारा ढिला झाला की नव्या किडनीतच वाढायला लागतो. त्याच्यावर खात्रीचं औषध आजही नाही. म्हणून रक्तातला व्हायरस मोजणाऱ्या पीसीआर तपासणीत आकडा चढला की मायकोफेनोलेट हे तसंच दुसरं औषध कमी करतात किंवा टॅक्रोलिमसची (टॅक्रोची) रक्तातली लेव्हल खाली आणतात.

पण कशी? माझ्या धाकट्या भावाचं मी पाहिलंय. धंतोलीतल्या लॅबच्या बाकावर तो सकाळची कॅप्सूल खिशात ठेवून बसायचा. रात्रीच्या डोसला १२ तास झाले की रक्त द्यायचं, आणि मगच कॅप्सूल तोंडात टाकायची. आधी घेतली तर लेव्हल खोटीच वाढलेली दिसते. डोस कमी झाला तो अर्ध्या मिलिग्रॅमने. मग पुन्हा पीसीआर, पुन्हा किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन. ते चढलं असतं तर रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारल्याची, शंका आणि बायोप्सी. काढ्याला अशी कुठली लेव्हल बघता येते, सांगा बरं?

गुळवेलीबद्दल म्हणाल, तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा त्यात दिसल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही सांगते. पण ज्याच्या अंगात दुसऱ्याची किडनी आहे, त्याने हा वाद मिटेपर्यंत स्वतःवर प्रयोग का करायचा?

व्हायरसविरुद्ध बळ वाढवायचे रस्ते आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आशा वाटते. फ्लूची आणि न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस घ्यावी. जिवंत विषाणूची लस मात्र ऑपरेशनच्या आधीच उरकावी, नंतर नाही. २००० पेक्षा जास्त रुग्णांवर झालेल्या ट्रान्सफॉर्म या अभ्यासात, मायकोफेनोलेटऐवजी एव्हरोलिमस हे वेगळं औषध देऊन टॅक्रोसारख्या औषधाचा डोस कमी ठेवला, तेव्हा सीएमव्ही (असाच अंगात दबून राहणारा दुसरा व्हायरस) आणि बीके दोन्ही कमी आढळले; रिजेक्शन वाढलं नाही. एव्हरोलिमस सगळ्यांना सोसत नाही, तो भाग वेगळा. फक्त त्या एका व्हायरसला ओळखणाऱ्या टी पेशी बाहेर वाढवून रुग्णाला देण्याचे प्रयोगही चालू आहेत. असं नेमकं बळ हवं, सरसकट नको.

मेहुण्यांना आज बरं वाटतंय याचा मला आनंदच आहे. पण रिजेक्शन पुष्कळदा काहीही न दुखता सुरू होतं, आधी कळतं ते क्रिएटिनिनवरून. तेव्हा पुढच्या तपासणीला काढ्याचं पाकीट सोबत न्यायला सांगा आणि ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. आणि गोळ्यांचा डोस तोवर स्वतःहून बदलू किंवा बंद करू नये, एवढं त्यांना माझ्या नावाने सांगाच.