सरड्याला हीटर, तोही नागपुरात

नागपुरात विजेच्या दुकानात शिरून 'भरपूर गरम होणारा बल्ब द्या' म्हणायला छाती लागते. महिना मे असेल तर दुकानदार आधी पाण्याचा ग्लास पुढे करतो, मग विचारतो, "काहून जी? बाहेर कमी तापून रायलं का?"

प्रश्न रास्त आहे. २३ मे २०१३ ला या गावाचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण हेच गाव २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंतही उतरलं होतं, हे दुकानदार सोयीस्कर विसरतो. सरडा विसरत नाही, कारण त्याला स्वेटर नाही.

सरडा म्हणजे इथे घरात, पेटीत पाळलेला बिअर्डेड ड्रॅगन, आपल्या भाषेत दाढीवाला सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. घोरपड, सरडगुहिरा (रंग बदलणारा शॅमेलिऑन) असले आपल्या रानातले पाहुणे घरात आणायचा विचार मनातून काढा. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यांच्या बाजूने आहे. हिरवा इगुआना, म्हणजे दुसरा एक परदेशी सरडा, असेल तर सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. कागद झाले की उष्णतेकडे वळू.

बहुतेकांची समजूत अशी, की सरड्याला उष्णता लागते. चूक. त्याला उष्णतेचा उतार लागतो. त्याची राहायची पेटी १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरची धरा. एका टोकाला बसायचा दगड, त्याचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश. दुसऱ्या टोकाची हवा २४ ते २७. रात्री सगळीकडे १८ ते २२. एका भिंतीला मे, समोरच्या भिंतीला नोव्हेंबर. त्याच्या शरीरात स्वतःची शेगडी नाही. खाल्लेलं पचवायला दगड, आणि डोकं तापलं की पळायला सावली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत हे खरंच, पण कुंपण चार फुटांवर आणून ठेवलं की त्या धावेत सगळे ऋतू बसवायचं काम आपल्या गळ्यात पडतं.

आता बल्ब. गेली काही वर्षं दुकानदार जे वाक्य अभिमानाने म्हणतो, 'हा बिलकुल गरम होत नाही जी', तेच इथे घात करतं. एलईडी सरड्याच्या काही कामाचा नाही. तो उजेड देतो, ऊब देत नाही. हवा हॅलोजन, आणि तोही फ्लड, म्हणजे पसरट झोताचा. स्पॉट घेतला तर झोत रुपयाएवढा पडतो, पाठीवर तेवढीच जागा भाजते आणि बाकीचा सरडा गारच राहतो. दगडापासून ३० सेंटिमीटरवर हिवाळ्यात ७५ वॉट, उन्हाळ्यात ३५ ते ५० वॉट, इथून सुरुवात करा. ऑनलाइन मागवताना व्होल्ट वाचा. १२० व्होल्टचा अमेरिकन बल्ब आपल्या २३० व्होल्टवर एकदाच पेटतो, फार सुंदर पेटतो. ऑस्ट्रेलियात मात्र २३० व्होल्टच आहेत, तेव्हा निदान या बाबतीत तरी पाहुणा परका नाही.

होल्डर चिनीमातीचा, चुडीवाला, म्हणजे बल्ब फिरवून बसवायचा. आपल्या घरांत पिनांचे होल्डर असतात म्हणून कुणीतरी प्लॅस्टिकचा जोड काढून देतो, आठवडाभरात तो मेणासारखा वाकतो आणि घरभर जळका वास सुटतो. बल्ब पेटीच्या आत असेल तर भोवती जाळीचा पिंजरा हवाच. हे महाशय बल्बला मिठी मारतात. चामडीला भाजल्याचं लवकर कळत नाही, त्यामुळे मिठी सोडायची घाई त्यांना नसते. विजेवर तापणारे नकली दगड विकायला असतात, ते याच कारणासाठी नकोत.

रात्रीसाठी लाल बल्ब खपवला जातो. 'त्याला लाल दिसत नाही' हे त्याचं समर्थन. त्याला लाल उत्तम दिसतं, वर आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. त्याची झोप मोडून वर त्याच्याच नावावर वीजबिल फाडायचं! रात्री १८ च्या खाली जात असेल तरच, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, ६० ते १०० वॉटचा सिरॅमिक हीटर लावा. तो काळोखात निमूटपणे तापतो.

खरी गंमत यूव्हीबीला. हा अतिनील किरणांतला २८० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा. कातडीत डी-३ जीवनसत्त्व याच्याने बनतं. ते नसेल तर कॅल्शियम पोटात जाऊनही हाडांत जात नाही, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. दुकानात 'यूव्ही लाइट' एवढंच म्हणालात तर पाणी शुद्ध करायच्या मशीनमधली नळी हातात पडते. ती यूव्हीसी, २५४ नॅनोमीटर. जंतू मारायलाच बनवलेली, आणि डोळ्यांच्या बाबतीत जंतू कोण, सरडा कोण, मालक कोण, असा भेद करत नाही. दुसऱ्या दुकानात डास पकडायच्या यंत्रातली निळी ट्यूब मिळते. ती यूव्हीए, तिच्याने किडे येतील, डी-३ येणार नाही. तिसरा सल्ला शेजारच्यांचा: पेटी खिडकीत ठेवा, नागपूरचं ऊन फुकट आहे. काच यूव्हीबी अडवते आणि ऊब आत कोंडते, म्हणजे औषध बाहेर, ताप आत. ऊन द्यायचंच तर सकाळी, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली टाकून, आणि वीस मिनिटं समोर बसून.

घ्यायची ती सरपटणाऱ्यांसाठीची टी-५ हाय आउटपुट, म्हणजे बारीक पण जास्त जोमाची ट्यूब, १२ टक्के यूव्हीबीची. चार फुटी पेटीला ३९ वॉटची, साधारण ८५ सेंटिमीटर लांब, मागे चकचकीत रिफ्लेक्टर. ती बल्बच्याच बाजूला लावायची, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच ठिकाणी पडतात आणि दुसरं टोक सावलीत राहतं. मध्ये जाळी नसेल तर पाठीपासून ३५ ते ४५ सेंटिमीटर. जाळी असेल तर ती तिसरा हिस्सा, कधी निम्मा खाते, म्हणून अंतर २५ ते ३० करा. इथे एक फसवणूक बिनबोभाट होते. चार फुटी ५४ वॉटची हाय आउटपुट ट्यूब आणि घरगुती २८ वॉटची टी-५ यांची लांबी सारखी, पिना सारख्या. घरगुती पट्टीत ती मुकाट बसते, पेटतेसुद्धा, फक्त अर्ध्या जोमाने. चोक हाय आउटपुटचाच लागतो. ट्यूबवर बसवल्याची तारीख लिहा आणि वर्षाने बदला. यूव्हीबी संपलं तरी उजेड चालू राहतो, आणि उजेड आहे तोवर आपण खिशात हात घालत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून वीज आवरणारं यंत्र, नको म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या सरड्यासाठी वाईट वाटतं. हॅलोजनला डिमिंग, म्हणजे बल्ब मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट लागतो. अंडी उबवायच्या यंत्राचा चालू-बंद थर्मोस्टॅट, एसटीसी-१००० किंवा तसला, लावला तर बल्ब दिवसभर गणपतीच्या लायटिंगसारखा उघडझाप करतो. सिरॅमिक हीटरला मात्र तो चालतो. पंख्याचा रेग्युलेटर पंख्यालाच ठेवा. आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर क्लिपने घट्ट बसवा, चिकटपट्टीने नाही; पट्टी सुटली की आधी सरड्याला चिकटते. सेन्सर थंड कोपऱ्यात जाऊन पडला, की थर्मोस्टॅटला वाटतं थंडी वाजते आहे, आणि तो बल्ब पूर्ण भडकवतो. दगड मोजायला तापमानाची बंदूक, हवेला सेन्सरचं डिजिटल थर्मामीटर. काचेला चिकटणारं गोल काट्याचं थर्मामीटर फक्त काचेची तब्येत सांगतं.

इतकं जमवून होईस्तोवर एप्रिल लागतो आणि सगळा हिशेब उलटतो. खोलीच ३८ वर. मेचा कोपरा फुकट मिळतो. नोव्हेंबर विकत घ्यावा लागतो, आणि तो महाग आहे. आता हॅलोजन फक्त सकाळी सात ते दहा, यूव्हीबीची ट्यूब टायमरवर बारा-तेरा तास. एसटीसी-१००० मध्ये थंड करायचा वेगळा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच असतो. त्याचा सेन्सर थंड टोकाला, ३० अंशांवर लावा आणि त्यावर छोटा एक्झॉस्ट पंखा जोडा. पण पंखा खोलीचीच हवा फिरवतो, म्हणून आधी खोली निवायला हवी. थंड टोकाच्या जाळीवर, ताटलीत, फडक्यात गुंडाळलेली गोठवलेली बाटली ठेवा. गार हवा खाली उतरते. प्लायवूडची पेटी हिवाळ्यात ऊब धरते म्हणून आपण तिचं कौतुक करतो, ती आता त्याच गुणाने भट्टी होते. दोन्ही बाजूंना हवेच्या जाळ्या मोठ्या ठेवा. पेटीभर ४० झाले आणि पळायला जागा नसली, तर हे वाळवंटी जनावरही काही तासांत जातं.

कूलर? लावा, पण तोंड पेटीकडे नको. त्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरते. वाळ्याच्या ताट्यांची ओली हवा ती ६० च्या वर नेते, आणि महिनाभर तेच चाललं तर छातीत घरघर सुरू होते. खिडकी उघडी ठेवा, पावसाळा लागला की पंप बंद. परवडत असेल तर एसी २६ वर लावा.

एसी लागलाच, तर मेच्या दुपारी दोन वाजता पेटीची खोली कोणती हे घरात विचारावं लागत नाही. तिथे आजी चटई टाकून लवंडलेली असते, पोट्टे पत्ते कुटत असतात, बाबा 'फक्त पाच मिनिटं' म्हणून आलेले असतात. नोव्हेंबर सगळ्यांना मानवलेला असतो. पेटीतला धनी तेवढा दगडावर चढून, अंग काळपट करून, विझलेल्या हॅलोजनकडे टक लावून बसलेला असतो.