‘फसलात तर गप्प बसा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेला महिनाभर सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘एआयसाठी भारतात कायदाच नाही. कंपन्या परदेशी, त्यांना कोण हात लावणार? युरोपचा कायदाही कागदावरच. फसलात तर गप्प बसा.’

‘कायदाच नाही’ हे अर्धसत्य. एआयच्या नावाचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, हे खरं. पण दुसऱ्याचा हुबेहूब आवाज एआयनं काढला म्हणून फसवणूक माफ होत नाही. फोन किंवा संगणक वापरून दुसऱ्याचं सोंग घेतलं आणि फसवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 डी लागतं. तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

परदेशी कंपनीला कोण हात लावणार? इटलीनं लावला. मार्च 2023 च्या अखेरीस तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणानं चॅटजीपीटीला चाप लावला. युरोपचा एआय कायदा तेव्हा मंजूरही झाला नव्हता. हाताशी होता तो 2018 पासून लागू असलेला वैयक्तिक माहितीचा कायदा. कंपनीनं इटलीत सेवा बंद ठेवली, मग माहिती कशी वापरतो याचा खुलासा दिला, हरकत घ्यायची आणि वय विचारायची सोय केली. एप्रिलअखेर सेवा पुन्हा सुरू झाली. जुन्याच कायद्यानं हे घडलं.

आता ‘कागदावरच’. युरोपचा कायदा 1 ऑगस्ट 2024 ला अमलात आला, तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. इंटरनेटवरचे चेहरे सरसकट गोळा करून ओळख पटवायचे साठे बनवणं 2 फेब्रुवारी 2025 पासून बंद. मनाई मोडली तर दंड 3.5 कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या उलाढालीच्या 7 टक्क्यांपर्यंत, यातला जो मोठा तो. मात्र देखरेख करणारी कार्यालयं प्रत्येक देशानं 2 ऑगस्ट 2025 पर्यंत नेमायची होती, ती तारीख बऱ्याच देशांनी चुकवली. इथं मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे. तक्रार घेणारा माणूस टेबलावर नसेल तर कलमं वाचून कुणाचं भलं होणार?

पण ‘गप्प बसा’? मिरजेच्या माझ्या मावशीला तिच्या मुलाच्या हुबेहूब आवाजात फोन आला : ‘आई, गाडीला अपघात झालाय, पस्तीस हजार टाक.’ तिनं टाकले. रात्री मुलाशी बोलल्यावर कळलं. पण हाच मेसेज वाचलेला, त्यामुळे दोन दिवस तोंड मिटून बसली. तिसऱ्या दिवशी मला समजलं, तेव्हा मी 1930 ही सायबर हेल्पलाइन लावून दिली.

पलीकडून पहिलाच प्रश्न आला : ‘पैसे कधी गेले?’