आधी गुरूचं गाव, मग कॉलेज

प्रश्न साधा होता. पोरगा अकरावी सायन्सला. तबल्याची 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा झालेली, हात गोड. वडील म्हणतात, बारावीनंतर इंजिनीअरिंग कर, तबला काय रविवारी वाजवता येतोच. पोरगा म्हणतो, तबलाच करायचा. वडिलांनी सरांना विचारलं आणि सरांनी तो प्रश्न संध्याकाळी सांगलीच्या आमराईसमोरच्या कट्ट्यावर मांडला. भडंगाचा पुडा मधोमध होता. तो संपला तरी वाद संपला नाही.

कट्ट्यावर चौघं बोलणारे आणि मी लिहून घेणारा. सर कॉलेजात संगीत शिकवतात. शुभाताई ख्याल गातात आणि शिकवण्या घेतात. मंदार रेकॉर्डिंगचं काम करतो. बापू तबल्याला पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बसवतात, आणि सांगली-मिरजेत कुणाचा हात कसा आहे हे त्यांना पुडी बघूनच कळतं.

सरांनी सुरुवात कागदांपासून केली. "अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बघ. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण. पोरानं पाच दिल्या. अजून दोन दिल्या की विशारद, म्हणजे बारावीच्या आगेमागे तो विशारद होईल. पुढं अलंकार. पण लोक इथंच फसतात. मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे. विशारद हातात आली म्हणजे पदवी झाली असं समजून पोरं कॉलेज सोडतात, आणि मग एमएला अर्ज करताना कळतं की बऱ्याच ठिकाणी कुठल्यातरी विद्यापीठाची पदवी आणि त्याच्या जोडीला विशारद, असं दोन्ही मागतात."

"आणि एमए कशाला हवंय?" मंदारनं विचारलं.

"शिकवायचं असेल तर हवंय. सहायक प्राध्यापक व्हायला एमएला किमान ५५ टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. राखीव प्रवर्गाला ५० टक्के. नेटच्या संगीत विषयात तालवाद्याचा स्वतंत्र भाग असतो, म्हणजे तबलजीला गाण्याचा पेपर देत बसावं लागत नाही. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक संगीत शिक्षक व्हायचं तरी बारावी आणि संगीतातली पदवी किंवा तिच्याशी समकक्ष काहीतरी लागतं. जाहिरातीत 'समकक्ष' म्हणून काय काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचायचं. तोंडी ऐकलेल्या माहितीवर अर्ज करायचा नाही."

शुभाताईंना हा सूर पटला नाही. त्यांचं म्हणणं, कागद तिशीतही मिळवता येतात, हात मात्र पंधरा ते एकवीस या वयातच बसतो. "सर, तुम्ही शेवटचं आधी सांगताय. त्या पोराला आज माझ्या मागं विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालाला बसवा. आमच्याकडं मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, त्यामुळं इथं किराणा घराण्याच्या चालीचं गाणं अजून ऐकायला मिळतं. त्या गाण्यात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, म्हणजे एक मात्रा चार-पाच सेकंदांची. तिसऱ्या मात्रेला 'धागे' आणि चौथीला 'तिरकिट'. पोरं तिरकिट भराभर वाजवून टाकतात आणि मग उरलेली मात्रा रिकामी पडते. ती रिकामी जागा भरायला पुढची मात्रा लवकर येते, लय चढते आणि गाणाऱ्याचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पूर्ण होण्याआधीच सम, म्हणजे पहिली मात्रा, येते किंवा तो ओढून ताणून समेवर आणावा लागतो. मात्रेचे चार भाग मनात धरून तिरकिट त्या चारांत पसरावं लागतं. हे परीक्षेत विचारत नाहीत. परीक्षेत ठेका हातावर म्हणून दाखव, दुप्पट-चौपट लयीत दुगुन-चौगुन कर, कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, वाजव. त्यात पोरगा पहिला येईल आणि मैफलीत बाहेर बसेल."

इथं मला ताईंची बाजू घ्यावीशी वाटते. तबल्यात एकट्यानं मैफल करून पोट भरणारे फार थोडे, काम असतं ते साथसंगतीचं. ख्याल वेगळा, नाट्यपद वेगळं, अभंग वेगळा, कथक तर फारच वेगळं. विशारद झालेल्या मुलाला तीन लेहऱ्यांवर, म्हणजे ताल धरून फिरत राहणाऱ्या सुरावटींवर, सुंदर एकल वाजवता येतं, आणि भजनी ठेक्यात पखवाजाचा भार कुठं द्यायचा ते माहीत नसतं. साथ शिकायची तर गाणाऱ्यांच्या रियाजाला जाऊन बसावं लागतं, आठवड्यातून दोनदा तरी, आणि तिथं स्वतःचं काहीही न दाखवता नुसता ठेका धरावा लागतो. थोडं गाणंही शिकावं. बंदिशीचा मुखडा कितव्या मात्रेवरून उठतो हे गुणगुणता आलं नाही तर तबलजी गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहतो.

बापूंनी मध्येच विचारलं, "पोराकडं तबले किती हायत?"

सर म्हणाले, "एक जोडी. काळी एकची." म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला लागणारी.

"मग साथ कुणाची करणार? आता हे बघा. पुरुष गवई बहुतेक काळी एक, पांढरी दोनच्या आसपास. बाया काळी चार, काळी पाच. काळी चारला बाई गातीय आणि ह्यानं काळी एकचा दाया, म्हंजे उजव्या हाताचा तबला, नेला, तर षड्ज, म्हंजे सा, तिथं यायचा न्हाई. ओढून वर न्यायला गेला तर गजरा, म्हंजे पुडीच्या कडेची कातडी वेणी, तुटंल, न्हाईतर शाईला, मधल्या काळ्या गोलाला, चीर जाईल."

ताई म्हणाल्या, "पण काळी चारचा मध्यम काळी एकच की, बापू."

"हाय की. म्हणून अडीनडीला मध्यमात लावून चालतं. पण रागात मध्यम नसला, भूप-देशकार असला, तर कानाला खुपतं. काळी तीनवाल्याचा पंचमपण काळी एकच, तो चालून जातो. काळी पाचला मध्यम लावायचा तर काळी दोनचा दाया लागतो. म्हणून कमीत कमी तीन दाये. एक काळी एक, एक काळी दोन, आणि एक मोठ्या तोंडाचा ढाल्या, म्हंजे खालच्या, स्वराचा, काळी चार-पाचच्या षड्जाला. डग्गा एक चांगला असला की भागतं."

मग बापू पुडीवर घसरले, आणि तो भाग जसाच्या तसा लिहून ठेवण्यासारखा आहे. दाया सुरात लावताना सोळाही घरांत, म्हणजे कडेच्या सोळाही भागांत, एकच स्वर आला पाहिजे. नवी पोरं फक्त गठ्ठे, म्हणजे वादीच्या (ताणणाऱ्या कातडी पट्टीच्या) खालचे लाकडी ठोकळे, ठोकतात. गठ्ठ्यानं स्वर ढोबळ वर-खाली होतो, बारीक फरक गजऱ्यावरच्या हातोडीनं काढायचा, आणि एका घरावर मारलं की समोरच्या घरावरही बघायचं. कार्यक्रम संपला की वादी ताणलेली ठेवून पेटीत घालायचं नाही. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, कातडं सैल पडतं आणि स्वर उतरतो. तोच तबला स्टेजवरच्या हॅलोजनखाली अर्ध्या तासात चढतो. म्हणून साथीदारानं कार्यक्रमाच्या तासभर आधी जाऊन तबला तिथल्या हवेत उघडा ठेवावा, मग तंबोऱ्याला लावावा. शाईवर घामाचा हात फिरला तर ती सुटायला लागते. पावडर जास्त झाली तर ती शाईच्या भेगांत बसते आणि आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, मरते. "पुडी फाटली म्हणून माणूस येतो," बापू म्हणाले, "पण दहातल्या निम्म्या पुड्या वाजवून फाटत न्हाईत, लावताना फाटतात."

मंदार एवढा वेळ गप्प होता. त्याचा मुद्दा पैशाचा. "तुम्ही सगळे कलेचं बोलताय. वर्षाचं कॅलेंडर बघा. श्रावणात भजन, मग गणपती, पितृपक्षात शुकशुकाट, नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईचा संगीत महोत्सव आणि गावोगावचे कार्यक्रम, दिवाळी पहाट, मग डिसेंबर ते फेब्रुवारी महोत्सव. मार्चपासून परीक्षा आणि उन्हाळा, जूनपासून पाऊस. म्हणजे पाच-सहा महिने हातात फारसं काही नाही. तेवढ्या काळाला दुसरं उत्पन्न लागतं. शिकवणी धर. वीस मुलं आणि महिना आठशे रुपये धरले तर सोळा हजार. पण मे महिन्यात त्यातली निम्मी गावाला जातात."

"म्हणून मी नोकरी म्हणतोय," सर म्हणाले.

"आणि मी रेकॉर्डिंग म्हणतोय. घरच्या खोलीत तबला स्वच्छ रेकॉर्ड करून देता येणाऱ्याला पुण्या-मुंबईचं काम सांगलीत बसून मिळतं. दोन माइक, दोन वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर. दायाचा माइक चाटेच्या, म्हणजे पुडीच्या कडेच्या, बाजूनं वीतभर उंचीवर, डग्ग्याचा थोडा लांब, नाहीतर घुमाऱ्याच्या वाऱ्यानं आवाज फाटतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पातळी अशी ठेवायची की सगळ्यात जोराचा 'धा' सुद्धा वरच्या टोकाला लागणार नाही. पोरांची खोली फरशीची, भिंती उघड्या, आणि मग म्हणतात माइक खराब. सतरंजी घाल, मागं गादी उभी कर, निम्मी तक्रार जाते."

ताईंनी त्याला अडवलं. सोळाव्या वर्षी माइक हातात दिला की पोरगा रोज तीस सेकंदांचा तुकडा वाजवून टाकायला लागतो, चाळीस मिनिटं एक पेशकार, म्हणजे एकल वादनाची सुरुवातीची रचना, उलगडण्याचा दम त्याच्यात येत नाही. मंदारनं ते मान्य केलं, पण अर्धंच. त्याच्या मते रेकॉर्डिंग रियाजासाठीच आधी वापरावं. दहा मिनिटांचा विलंबित ठेका रेकॉर्ड करायचा, पहिल्या आवर्तनाचे आणि शेवटच्या आवर्तनाचे सेकंद मोजायचे. साठाचे बावन्न झाले असतील तर लय चढली, तिथं कुणाच्या मताचा प्रश्नच येत नाही. आणि कामाला लागल्यावर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळायची, ती म्हणजे कागद. रक्कम, किती गाणी, नाव कुठं येणार, सगळं निरोपात तरी लिहून घ्यायचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात वादकाला कलाकार म्हणून व्यापारी वापरावरच्या रॉयल्टीचा हक्क आहे, पण एकरकमी पैसे घेऊन काय लिहून देतोय ते न वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. मानधनातून दहा टक्के कर कापला गेला तर पॅन देऊन विवरणपत्र भरायचं. उत्पन्न कमी असेल तर ते पैसे परत मिळतात, आणि कित्येक वादक ते तसेच सोडून देतात.

मग मुद्द्यावर आलो. बारावीनंतर कुठं? सरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, जिथं गुरुकुल पद्धतीनं शिकवतात आणि प्रवेशाला वाजवून दाखवावं लागतं. दुसरी, इथंच राहून कुठलीही पदवी, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमए. पहिलीत पोरगा चोवीस तास संगीताच्या हवेत राहतो, पण पुण्यात खोलीचा आणि खाण्याचा खर्च. दुसरीत खर्च कमी, पण कॉमर्स करत तबला वाजवणाऱ्याची सकाळ कॉलेज खातं.

ताईंनी इथं सगळ्यात कामाचं वाक्य टाकलं. "आधी गुरू ठरवा. गुरू ज्या गावात आहे त्या गावातलं कॉलेज शोधा. उलटं करायचं नाही." पुण्याचं मोठं नाव बघून प्रवेश घ्यायचा आणि तिथं तीन वर्षं मनासारखा शिकवणारा शोधत फिरायचं, असं बऱ्याच मुलांचं होतं. गुरूचं घर तासाभराच्या आत असावं आणि सकाळी सहा ते नऊ हा वेळ मोकळा राहावा, या दोन अटी पाळणारं कॉलेज साधं असलं तरी चालेल. मला हे पटतं. पदवी कुठली यापेक्षा त्या तीन तासांचं काय होतं यावर पोराचं भवितव्य जास्त अवलंबून आहे.

सायन्स सोडावं का, यावर खडाजंगी झाली. संगीताच्या पदवीला बहुतेक ठिकाणी बारावीची कुठलीही शाखा चालते, त्यामुळं सायन्स अडसर नाही, हे सरांचं. बरोबर आहे. पण क्लास, प्रॅक्टिकल आणि सीईटी यांत दिवस जातो आणि रात्री दहाला तबला घेतला की थकलेल्या मनगटानं जोर काढला जातो. मनगट ताठ ठेवून बोटांऐवजी कोपरापासून मारायची सवय लागते, आणि तीच पुढं दुखण्याचं कारण होते. वेग वाढवायचा तो लेहऱ्यावर हळूहळू, एका लयीत कायदा पाच मिनिटं न अडखळता झाला तरच पुढची लय. दुखायला लागलं की थांबायचं, दुखत असताना वाजवत राहून दुखणं मोडत नाही. ताईंचं म्हणणं, आर्ट्सला जा. बापूंनी वडिलांची बाजू घेतली: पोराला दाखला हातात असू दे, सायन्सनं बारावी झाला म्हणजे बाप निवांत झोपंल.

शिष्यवृत्तीचं बोलणं निघालं तेव्हा कळलं की एक संधी गेलीच. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ वयोगटासाठी असते. पोरगा सोळाचा. ज्यांच्या घरी सातवी-आठवीतला वाजवणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी हे आत्ताच टिपून ठेवावं. पुढची संधी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची, तरुण कलाकारांसाठी, १८ ते २५ वयात, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिला गुरूकडं किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो, म्हणून शिक्षण कधी सुरू झालं याचा कागद आतापासून जपायचा. आकाशवाणीची संगीत स्पर्धा १६ ते २४ वयाला खुली असते, आणि कलाकाराला श्रेणी देणारी चाचणी वेगळी: बी, बी हाय, ए, टॉप. सांगलीत आकाशवाणी केंद्र आहे, चौकशीला लांब जायची गरज नाही. श्रेणी मिळाली की महोत्सवाच्या आयोजकाला ओळख लागत नाही, एवढा तरी फायदा आहेच.

शेवटचा प्रश्न वडिलांचाच होता: कधीपर्यंत वाट बघायची? सर म्हणाले, बावीस. तोवर पदवी झालेली असेल, विशारद झालेली असेल, आणि अनोळखी गायकाकडून बोलावणं येत नसेल तर बीएड किंवा नेटकडं वळायचं. ताई म्हणाल्या, पंचवीस, कारण शिष्यवृत्तीचं वयही तिथंच संपतं आणि साथीदाराला ओळखी जमवायला पदवीनंतर दोन-तीन वर्षं लागतातच. मंदारला वयाची अट मान्य नाही. तो म्हणतो, सलग दोन हंगाम एकाच गायकानं पुन्हा बोलावलं का, एवढंच बघा. यावर एकमत झालं नाही. बापूंनी सोमवारी पोराला दाया घेऊन दुकानात पाठवायला सांगितलं, आणि सरांनी वडिलांना निरोप द्यायचं कबूल केलं की बारावीची शाखा ठरवण्याआधी पुढच्या सहा महिन्यांत पोरगा कुणाकडं आणि कोणत्या वेळी शिकणार, ते आधी लिहून काढा.