नदीचं मूळ आणि तीन नंबरचं खोकं

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. उशिरा पोचणाऱ्या पार्सलचं मूळही त्यात घालायला हवं होतं, पण ही म्हण झाली तेव्हा भिवंडीत गोडाऊनं नव्हती. आता आहेत, आणि मूळ शोधायचं काम आमच्यासारख्यांच्या गळ्यात आहे.

‘डिलिव्हरी लेट का?’ म्हणून मीटिंग भरली की पहिलं बोट डिलिव्हरी बॉयकडे जातं, कारण तो मीटिंगला नसतो. दुसरं पावसाकडे, तोही नसतो. मग कुणीतरी सरासरी काढतं. नऊ पार्सलं २ दिवसांत आणि दहावं १२ दिवसांत पोचलं, तरी सरासरी ३ दिवसच! शिव्या द्यायला फोन मात्र दहाव्याचाच येतो.

म्हणून आधी प्रवासाचे तुकडे पाडायचे: ऑर्डर आली, रॅकवरून माल काढला, पॅक झाला, गाडीत चढला, हबवर उतरला, वाटपाला निघाला. कुठला तुकडा लांबलाय ते स्कॅनच्या वेळांवरून मागच्या महिन्याशी ताडून बघायचं. पण स्कॅनवर भाबडा विश्वास नको. ३०० पार्सलं एकाच मिनिटात, ६:५८ ला ‘गाडीत चढली’ असतील, तर कुणीतरी अख्खी यादी एका फटक्यात ठोकलेली आहे. खरी वेळ गेटवरच्या वॉचमनच्या वहीत सापडते. अख्ख्या कारभारात खोटं बोलण्यात ज्याचा काडीचा फायदा नाही, असा तो एकटाच.

श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली दिलेल्या पिनकोडातला एखादा आकडा गिऱ्हाईक चुकवतं, आणि पुण्याचं ४११ कोल्हापूरकडे ४१६ ला निघतं. पण ते एकटंदुकटं. सगळ्याच गावांना एकदम उशीर व्हायला लागला, तर दुखणं घरातच शोधावं.

समजा, तीन नंबरचं खोकं संपलंय. (महाराष्ट्रात खोक्यांची चर्चा झाली ती भलत्याच कारणानं, याला कुणी विचारलं नाही.) त्याचं माप २५ × २० × १० सेंटिमीटर. पॅकरच्या हाताशी उरलंय ते पाच नंबरचं, ३५ × २५ × २०. आत स्टीलचा डबा खुळखुळतो, म्हणून कागदाचे बोळे कोंबा, टेप जास्त मारा. पार्सलमागे अर्धं मिनिट वाढतं. ४० पार्सलांत टेबल २० मिनिटं मागे पडतं. सातची गाडी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. पुढची उद्या सातला. २० मिनिटांचे २४ तास होतात ते असे.

शिवाय खोकं ५,००० घनसेंटिमीटरचं १७,५०० झालं. कुरियरवाले सहसा घनसेंटिमीटरला ५,००० नी भागून वजन धरतात, म्हणजे किलोचं बिल साडेतीन किलोचं. आणि गाडी हवेनंच भरल्यामुळे वेळेत बांधलेली पार्सलंसुद्धा धक्क्यावरच राहतात.

मीटिंगमध्ये यावर उपाय निघतो तो दुसऱ्या कुरियरचा. खोक्यांचं नाव निघत नाही, कारण एक्सेलमध्ये ती स्टेशनरीच्या शीटवर असतात, स्टेपलरच्या पिनांखाली. हिशेब खरं तर वाण्याचा आहे: रोज ४०० खोकी लागतात आणि नवी यायला ५ दिवस, तर साठा २,००० पर्यंत उतरायच्या आतच मागणी जायला हवी, सेल तोंडावर असेल तर त्याहून बरीच आधी. प्रत्यक्षात ती जाते शेवटच्या गठ्ठ्याची सुतळी कापल्यावर. आणि नवी खोकी पाचाऐवजी सहाव्या दिवशी येतात. त्यांचीही गाडी हुकलेली असते.