भुयाराचा प्रश्न तुम्हीच विचारा

रविवारी सहा वाजता आपल्या तालुक्याच्या वस्तुसंग्रहालयात इतिहासावर व्याख्यान आहे ना? मग घरातून पावणेसातला निघा. तोवर ‘हॅलो, हॅलो’ आटोपलेलं असतं, पंख्याच्या वाऱ्याने समई दोनदा विझलेली असते आणि प्रास्ताविक कुठे रंगात येत असतं.

आत शिरताना कपाटांकडे बघू नका. चिठ्ठीवर ‘मूर्ती. दगड.’ एवढंच लिहिलंय, आणि तेवढं आपल्यालाही दिसतं.

वक्ते शिलालेख वाचणारे असतील तर मात्र सांभाळा. ही माणसं चांगल्या चाललेल्या गोष्टीत सनावळ्या आणतात. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, हेमाद्री पंडित, म्हणजे हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा कारभारी, तो तेराव्या शतकातला. म्हणून काय त्या देवळाला हेमाडपंती म्हणायचं नाही? खुशाल म्हणा. चुन्याशिवाय दगडावर दगड दिसला की हेमाडपंती. हेमाडपंत काही हरकत घ्यायला येत नाही. त्याहून जुनं वाटलं तर पांडव आहेतच, एका रात्रीत बांधून मोकळे.

मग वक्ते अंगणातल्या वीरगळाकडे, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या स्मारकशिळेकडे वळतात. खालच्या चौकटीत गाई आणि लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. गावाच्या गाई सोडवताना मेलेला कुणीतरी. नाव कोरलेलं नाही. इथे मोबाइल काढायला हरकत नाही. नाव नाही म्हणजे आडनाव नाही, आणि आडनावच नाही तर तो आपल्या कुळातला हे सिद्ध कसं करणार?

गद्धेगळाचा विषय निघाला की थोडं खोका. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दगडात कोरून दिलेली ती शिवी, गाढवासकट. पहिल्या रांगेत मान्यवर बसलेत, त्यांचाही विचार करायला हवा.

प्रश्नोत्तरं सुरू झाली की उठा. ‘प्रश्न नाही, थोडी माहिती द्यायची होती’ अशी सुरुवात करा आणि भुयार काढा. आमच्या वाड्यातून थेट किल्ल्यावर निघतं, घोडेस्वार जाईल एवढं उंच, आजोबांनी तोंड पाहिलंय, आता बुजवलंय. वक्ते विचारतील, मध्ये नदी आहे ना? ‘नदीखालूनच!’ म्हणून ठणकावून सांगा. व्याख्यानाला न पडलेल्या टाळ्या इथे पडतील. मी एकाच संध्याकाळी अशी चार भुयारं ऐकली आहेत. चारही एकाच किल्ल्यावर निघत होती. इतका पोखरलेला किल्ला अजून उभा कसा, हे विचारायचं माझ्याही जिवावर आलं. बाहेर चहा निवत होता.

चहाचा कप ठेवायला जागा नसेल तर वीरगळ आहेच. आडवा पडलाय, उंचीही बेताची. फक्त अप्सरांच्या बाजूला ठेवा. गाईंवर आधीच कुणाचं तरी हेल्मेट आहे.